एंटरप्राइझ १:१०००, आतून दिवे लावून: कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

किट हातात आलं. १९६६ साली अमेरिकन टीव्हीवर सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं मूळ अंतराळजहाज एंटरप्राइझ, एनसीसी-१७०१, प्रमाण १:१०००. कथेत जहाजाची लांबी ९४७ फूट दिली आहे, म्हणजे २८९ मीटर. त्यामुळे मॉडेल साधारण २९ सेंटिमीटरचं होईल. टपाल आणि सीमाशुल्क धरून ४,३०० रुपये पडले. याच जहाजाचं १:३५० प्रमाणातलं किटही मिळतं, पण ते ८२ सेंटिमीटरच्या वर जातं आणि तेवढं ठेवायला आमच्या घरात जागा नाही.

पुढच्या नोंदींत भागांना साधी नावं वापरतो, म्हणजे चित्र समोर नसलं तरी समजेल. वरची गोल ती बशी. खालचं नळकांडं ते धड. बशी आणि धड जोडते ती मान. धडातून तिरके वर जातात ते खांब, आणि खांबांवर बसतात ती दोन लांब इंजिनं. इंजिनांच्या तोंडाशी पारदर्शक घुमट आहेत.

मला हवं ते असं: खिडक्यांतून पिवळसर उजेड यावा, बशीच्या कडेला डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा लुकलुकावा, बशीच्या माथ्यावर एक पांढरा झगमगावा, आणि इंजिनांच्या घुमटांत नारिंगी प्रकाश गोल फिरावा. शेवटची गोष्ट झाली नाही तर बाकीचं करण्यात मला रस नाही.

चित्रीकरणासाठी वापरलेलं मूळ मॉडेल ११ फुटी होतं, १९६४ मध्ये बनलेलं. त्याच्या घुमटांत मोटारीवर फिरणारी पाती आणि लुकलुकणारे बल्ब होते. वायरी डाव्या बाजूनं आत जायच्या, म्हणून चित्रीकरण उजव्या बाजूनं व्हायचं, आणि डाव्या बाजूवर पुरतं काम केलेलंच नव्हतं. १९७४ मध्ये ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं, आणि २०१६ मध्ये डागडुजी करून पुन्हा मांडलं गेलं. माझं मॉडेल टेबलावर मधोमध राहणार, चारही बाजूंनी दिसणार. म्हणजे अकरा फुटांत लपवल्या नव्हत्या त्या वायरी २९ सेंटिमीटरमध्ये लपवायच्या आहेत.

८ फेब्रुवारी

गोंद न लावता सगळं जोडून पाहिलं. मग रात्री खोलीतला दिवा घालवला आणि बशीच्या आत छोटी टॉर्च पेटवून ठेवली. अख्खी बशी दुधी काचेच्या दिव्यासारखी उजळली. किटचं पांढरं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, इतकं पातळ असलं की त्यातून उजेड आरपार येतोच. दिवे घालणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात ही चाचणी करावी. रंग कुठं लागणार, किती थर लागणार, फटी कुठं आहेत हे सगळं तेव्हाच कळतं.

खरी अडचण खांबांची आहे. ते भरीव आहेत, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक घुमटात फिरत्या प्रकाशासाठी मला सहा एलईडी हवेत. प्रत्येकाला एक तार आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक, अशा सात तारा एका खांबातून नेणं शक्य नाही. म्हणून चार्लीप्लेक्सिंग करायचं ठरवलं. तीन तारा घ्यायच्या, त्यांच्या प्रत्येक जोडीत दोन एलईडी उलटसुलट लावायचे. तीन जोड्या, सहा एलईडी. एका वेळी एकच पेटतो, पण भरभर आळीपाळीनं पेटवले की डोळ्याला सहाही चालू दिसतात. एका खांबातून तीनच तारा. याच्याशिवाय या आकाराच्या किटमध्ये दुसरा मार्ग मला दिसत नाही.

१३ फेब्रुवारी

एलईडींची शोधाशोध. घरात बंद पडलेले एलईडी बल्ब होते, त्यांच्या पट्टीवरून चिप काढल्या. ५ व्होल्टवर एकही पेटेना. मल्टिमीटरचा डायोड मोडही काही दाखवेना, म्हणून आधी वाटलं सगळ्या जळालेल्या आहेत. पण या बल्बांतल्या बऱ्याच चिपांमध्ये आतच अनेक एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. त्या ९ किंवा १८ व्होल्टशिवाय पेटत नाहीत. संध्याकाळ गेली. कुणी हा फुकटचा मार्ग धरणार असेल तर आधी तपासून घ्या.

इथं सोलापुरात नव्या पेठेत ३ आणि ५ मिलिमीटरचे गोल एलईडी मिळाले, ते या कामाला मोठे. मला हवे आहेत ०८०५ आकाराचे, म्हणजे २ बाय सव्वा मिलिमीटर. ऑनलाइन मागवले: वॉर्म व्हाइट, नारिंगी, लाल, हिरवे आणि एक शुभ्र पांढरा. २४० रुपये, जादाचे धरून. जादाचे घ्याच. चिमट्यातून उडालेला ०८०५ फरशीवर सापडत नाही.

१९ फेब्रुवारी

तारेचं काम मात्र सोलापुरात सोपं आहे. आम्ही अशोक चौकाच्या बाजूला राहतो. यंत्रमाग जिथं तिथं मोटारी, आणि मोटारी तिथं वाइंडिंगची दुकानं. पंखे भरणाऱ्या एका अण्णांकडून ३६ गेजची इनॅमलची तार वजनावर घेतली, शंभर रुपयांची. जाडी ०.१९ मिलिमीटर. एवढी तार या प्रकल्पाला पुरून उरेल.

घरी आणून सोल्डर करायला बसलो तर सोल्डर धरेना. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जी बारीक इनॅमल तार मिळते तिचा थर सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेनं जळून जातो. या तारेवर सोल्डरचा गोळा नुसता घरंगळत होता. आयर्न पूर्ण तापवून पाहिला, रोझिन लावून पाहिलं. शेवटी तुकडा घेऊन अण्णांकडे गेलो.

“जळत नसती ओ ही,” अण्णा म्हणाले. “मोटार तापली तरी टिकावं म्हणूनच हा थर असतोय. पॉलिश पेपर दुमडून त्यात धरा अन् ओढा. फिरवत ओढा, एका बाजूनं राहतंय.”

‘एका बाजूनं राहतंय’ हे सोन्यासारखं निघालं. ४०० नंबरच्या पेपरनं टोक घासलं, तार फिरवून पुन्हा घासलं, तांबं चारही बाजूंनी लाल दिसलं की सोल्डर लगेच पसरतं. टोक आधीच सोल्डरनं माखून ठेवायचं, मग एलईडीला टेकवलं की चिकटतं.

सगळ्या तारा एकाच रंगाच्या असल्यामुळे कोणती कुठली हे नंतर कळत नाही. बहिणीकडच्या नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांपाशी रंगाचा ठिपका लावला. पुढे हे रंगच कामाला आले.

२७ फेब्रुवारी

सहा एलईडींचं कडं तयार केलं. दुहेरी चिकटपट्टी काचेवर लावली, तिच्यावर कागदी वर्तुळ, त्यावर एलईडी गोलात चिकटवले आणि मागच्या बाजूनं तारा जोडल्या. प्रत्येक जोड झाला की मल्टिमीटरनं तपासायचा. सगळं जोडून मग तपासलं तर उलटा लागलेला एलईडी कोणता हे शोधताना बाकीचे निघतात.

सोल्डरिंग किटच्या आत करू नका. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आयर्नचं टोक साडेतीनशेवर असतं. मी इंजिनाच्या कडेला नुसतं टोक घासलं तर खळगा पडला. तो बाहेरून दिसणारा भाग होता, आता पुट्टीनं भरावा लागेल. सगळं बाहेर जोडून, तपासून, तयार गुच्छ आत सरकवायचा.

५ मार्च

मेंदू म्हणून एटीटाइनी८५ घेतली, १८० रुपये. आठ पायांची चिप. वीज आणि रिसेटचे पाय सोडले की पाच उरतात: तीन इंजिनांना, एक कडेच्या लाल-हिरव्याला, एक माथ्यावरच्या पांढऱ्याला. बरोबर पुरते. प्रोग्राम भरायला घरातलाच आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड वापरला; भरताना उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा लागतो, नाहीतर उनो स्वतःच रिसेट होत राहतो.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा प्रकाश फिरला, पण फारच संथ, आणि एलईडी स्पष्ट लुकलुकताना दिसत होते. कारखान्यातून ही चिप १ मेगाहर्ट्झवर येते आणि माझा प्रोग्राम तिला ८ समजत होता. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या मेनूमध्ये ८ मेगाहर्ट्झ इंटर्नल निवडून एकदा ‘बर्न बूटलोडर’ करायचं, म्हणजे चिपमधले फ्यूज, म्हणजे वेग ठरवणाऱ्या आतल्या सेटिंग्ज, बदलतात. हे केल्यावर वेग बरोबर आठपट झाला.

मग दुसरा प्रश्न. खोलीत अंधार केला की जो एलईडी विझलेला असायला हवा तोही किंचित तेवत होता. आधी तारांवर संशय घेतला, कडं उलगडून पुन्हा जोडलं, तरी तेच. दोष प्रोग्राममध्ये निघाला. मी पिनांची, म्हणजे चिपच्या पायांची, दिशा (आउटपुट की इनपुट) ठरवणारं रजिस्टर, डीडीआरबी, थेट लिहीत होतो. जी पिन आधी आउटपुट आणि हाय होती, तिला तशीच इनपुट केली की पोर्टबीमधला, म्हणजे पिन हाय की लो ठेवणाऱ्या रजिस्टरमधला, १ मागे राहतो. आणि इनपुट पिनवर पोर्टचा बिट १ असला की चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर चालू होतो. त्यातून जाणारा करंट अगदी थोडा, पण अंधारात एलईडी दिसण्याइतका पुरेसा. उपाय एका ओळीचा: आधी पोर्टबी शून्य करायचं, मग दिशा बदलायची, मग हवी ती पिन हाय करायची. दिवसाउजेडी हा दोष दिसतच नाही. प्रत्येक बदल अंधारात तपासावा.

एक एलईडी पूर्ण आणि बाकी पूर्ण बंद असं ठेवलं तर प्रकाश उड्या मारतो. म्हणून पुढचा हळू चढतो आणि मागचा हळू उतरतो असं केलं. प्रत्येकाला सहा भागांपैकी आपल्या भागात किती वेळ चालू ठेवायचं ते बदलायचं. एक भाग एक मिलिसेकंदाचा. आधी तीन ठेवला होता, तर डोळ्याला ठीक होतं पण मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे येत होते.

१२ मार्च

दुसऱ्या इंजिनाचं कडं तयार. दोन्ही कडी त्याच तीन पिनांवर, त्याच तीन रेझिस्टरमधून लावली, तर डावं ठळक आणि उजवं फिकं. दोन कड्यांचे एलईडी एकाच पाकिटातले होते, तरी त्यांचं व्होल्टेज थोडं वेगळं असतं. एकच रेझिस्टर दोघांत वाटला की ज्याचं व्होल्टेज कमी तो जास्त करंट ओढतो. प्रत्येक कड्याला स्वतःचे तीन रेझिस्टर दिले, १५० ओहमचे, तेव्हा दोन्ही सारखी झाली.

यामुळे एक मोठा निर्णय बदलला. आधी चिप धडात ठेवणार होतो. आता चिप आणि रेझिस्टर सगळे खालच्या लाकडी बैठकीत जाणार आणि जहाजात फक्त तारा आणि एलईडी राहणार. खिडक्यांच्या एलईडींचे छोटे रेझिस्टर तेवढे जहाजात. धड एकदा चिकटवलं की उघडता येत नाही. चिप खाली असली तर पाच वर्षांनीही प्रोग्राम बदलता येईल. बैठकीतून वर तारा जातील त्या अशा: इंजिनांच्या तीन अधिक तीन, वीज दोन, कडेच्या दिव्यांची एक, माथ्याची एक. दहा तारा. जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलचा पितळी तुकडा दांडी म्हणून कापला, त्यातून दहाही सहज गेल्या. नळीची आतली कड कानसून गोल करा, नाहीतर ती इनॅमल सोलते आणि तारा एकमेकींना भिडतात.

उजव्या इंजिनात एलईडींचा क्रम आरशासारखा उलटा जोडला आहे, म्हणजे दोन्हीकडचा प्रकाश आतल्या दिशेनं फिरतो. मला ते असंच आवडतं.

२१ मार्च

खांब. या कामाची मला धास्ती होती, म्हणून आधी स्प्रूच्या, म्हणजे पार्ट ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या, काडीवर सराव केला.

खांबाच्या मागच्या कडेला पातीनं दोन समांतर रेघा मारल्या, पाऊण मिलिमीटर अंतरावर. त्याच रेघांवरून हलक्या हातानं पुन:पुन्हा पाती ओढायची. जोर दिला की पाती बाहेर घसरते. मग मधलं प्लास्टिक सुईच्या टोकानं खरवडून काढलं. तीन तारा एकीशेजारी एक सपाट बसवल्या, जागोजागी फेविक्विकचा टिपका दिला आणि वरून पुट्टी भरली.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळते ती एनसी पुट्टी वापरली. वाळली की आकसते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तारांच्या रेषा वर उमटल्या होत्या. पातळ थर, पूर्ण वाळू देणं, घासणं, पुन्हा पातळ थर, असंच करावं लागतं. एकदाच जाड थापली तर आतला द्रावक प्लास्टिकला मऊ करतो. डाव्या खांबाला त्यानं किंचित बाक आला. कोमट पाण्यात धरून दोन जाड पुस्तकांमध्ये दाबून ठेवला, सरळ झाला. नशीब की तार तुटली नाही.

घासताना तारेपर्यंत पोचलात तर थांबा. इनॅमल गेलं की तारा आतल्या आत शॉर्ट होतात आणि मग अख्खी खाच उघडावी लागते. प्रत्येक घासणीनंतर मी कडं पेटवून पाहत होतो.

३० मार्च

खिडक्या. १:१००० म्हणजे एक मिलिमीटरचं भोक हे एक मीटरचं दार होतं. सर्किट बोर्डला वापरतात त्या बारीक ड्रिलचा संच घेतला, २६० रुपये, त्यातली ०.४ मिलिमीटरची वापरली. ही ड्रिल कार्बाइडची असतात, वाकत नाहीत, सरळ मोडतात. विजेच्या ड्रिलमध्ये लावू नका, प्लास्टिक वितळून ड्रिलला गुंडाळतं. हातात धरायच्या पिन व्हाइसमध्ये लावून बोटांनी फिरवायचं. आधी सुईनं खूण करा, मग ड्रिल घसरत नाही.

सगळ्या खिडक्या उजळायच्या नाहीत. जहाजावर काही खिडक्या अंधाऱ्या असतात तेव्हाच आत माणसं आहेत असं वाटतं. मी साधारण निम्म्या पाडल्या, बाकीच्यांना नंतर गडद रंगाचा ठिपका. मानेवरच्या भोकांना सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तिथूनच बशीच्या तारा जातात आणि ड्रिल आत घुसलं की तारेला लागण्याची भीती. शेवटी तारा काढून घेतल्या, भोकं पाडली, तारा पुन्हा ओवल्या. तारांचा गुच्छ कायमचा बसवण्याआधी सगळी भोकं संपवायला हवीत.

५ एप्रिल

आतून रंग: आधी काळा, वर चंदेरी, सगळ्यात वर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो आत सगळीकडे पसरवतो. स्वयंपाकाचं ॲल्युमिनियम फॉइल चिकटवण्याचा सोपा उपाय बरेच जण सांगतात. पण फॉइलमधून वीज वाहते, आणि माझ्याकडे घासलेल्या टोकांच्या उघड्या तारा आहेत, म्हणून ते टाळलं.

कोपऱ्यांत रंग पातळ राहतो. टॉर्च लावून अंधारात पाहिलं, तर बशीच्या मधल्या उंचवट्याच्या मुळाशी उजेडाचं वर्तुळ. तिथं ब्रशनं काळा दिला.

खिडक्यांसाठी बशीत पाच आणि धडात तीन वॉर्म व्हाइट. प्रत्येकाला १ किलोओहम. ५ व्होल्टमधून एलईडीचे साधारण ३ गेले की २ उरतात, म्हणजे २ मिलिअँपिअर. एवढ्या लहान मॉडेलला तेही जास्त वाटतं, म्हणून बैठकीत त्यांच्या वाटेत आणखी एक प्रीसेट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा, रेझिस्टर ठेवला आहे, त्यानं हवा तेवढा मंद करता येतो. एलईडीचं तोंड खिडकीकडे ठेवू नका, आतल्या भिंतीकडे वळवा, म्हणजे सगळ्या खिडक्या सारख्या उजळतात.

१४ एप्रिल

एलईडी आणि तारा ग्लू गननं चिकटवल्या होत्या. माझी कामाची खोली गच्चीवर, पत्र्याची. चार दिवस ऊन चढलेलं, आणि दुपारी त्या खोलीत पंखासुद्धा गरम हवाच फेकतो. आज बशी हलवली तर आत खुळखुळ. ग्लू मऊ पडून दोन एलईडी सुटले होते. बशी अजून चिकटवली नव्हती, म्हणून वाचलो. सगळा ग्लू उचकटून काढला आणि अराल्डाइटनं बसवलं. सोलापूर, कलबुर्गी, नांदेड अशा कडक उन्हाच्या गावांत कुणी हे करत असेल तर ग्लू गन फक्त तात्पुरती वापरा.

फेविक्विकही बंद जागेत वापरू नये. त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढुरका थर सोडते. जादाच्या पारदर्शक तुकड्यावर करून पाहिलं होतं, म्हणून घुमट त्यापासून लांबच ठेवले.

२४ एप्रिल

घुमट. आतून ६०० नंबरच्या पेपरनं घासून दुधी केले, मग आतूनच पारदर्शक नारिंगी रंग. कडं घुमटाला खेटून लावलं तेव्हा सहा ठिपके ठिपक्यांसारखेच दिसत होते. सात-आठ मिलिमीटर मागे सरकवलं आणि मध्ये बटर पेपरची चकती टाकली. चकतीवर काळ्या कागदाची बारीक पाती चिकटवली. आता प्रकाश पात्यांमागून सरकतो आणि पाती फिरल्यासारखी वाटतात. मूळ मॉडेलला मोटार लागली होती ते काम इथं एकही फिरता भाग न ठेवता झालं. बराच वेळ नुसतं बघत बसलो.

नंतर बशी बंद केली. कडेच्या जोडातून उजेडाची रेघ दिसली. आतून जुन्या व्हिजिटिंग कार्डाची अरुंद पट्टी वळवून लावली, तिला काळा रंग, मग जोड चिकटवला. आता रेघ नाही.

३ मे

बाहेरचा रंग. आमच्या भागात हवेत सुताचं तूस कायम असतं, आणि कोरड्या हवेत घासलेलं प्लास्टिक ते ओढून घेतं. पहिला प्राइमर वाळला तर त्यात केसांसारखे धागे. घासून पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदा सकाळी शेजारचे माग सुरू व्हायच्या आत उठलो, खोलीत पाणी शिंपडलं, मॉडेल ओल्या फडक्यानं पुसलं, आणि रंग झाल्याबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाकलं. धागा आला नाही. दुपारी एअरब्रश वापरता येत नाही. ॲक्रिलिक नळीच्या टोकावरच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रावाचे, थेंब घालून थोडं सुधारतं, पण पहाटेला पर्याय नाही.

रंग पातळ करायला गाड्यांचा एनसी थिनर वापरायचा असेल तर आधी स्प्रूवर पाहा. ओलसर बसला तर प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळतो.

प्राइमरनं बरीचशी भोकं बुजली. बारीक सुईनं प्रत्येक मोकळं केलं. रंग पूर्ण झाल्यावर काडीनं फेविकॉलचा थेंब भरला. वाळला की जवळजवळ पारदर्शक होतो आणि किंचित दुधीपणा राहतो तो खिडकीला शोभतो.

११ मे

डिकल. आकडे आणि अक्षरं पाण्यात भिजवून सरकवायची असतात. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की वाळल्यावर पांढरे डाग राहतात. बशीवरच्या ‘१७०१’भोवती ते उमटले. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणलं, कापसानं हळूच पुसत डाग काढले, पुढची सगळी डिकल त्याच पाण्यात. डिकलच्या आधी चकचकीत क्लिअरचा थर द्या. खरखरीत रंगावर डिकलखाली हवा राहते आणि कडेनं चंदेरी दिसतं. धडावरचा लांब लाल पट्टा वळणावर सुरकुतला. पातीनं बारीक चीर देऊन बसवला, जवळून पाहिलं तर कळतं.

१८ मे

बैठक सुताराकडून करून घेतली, सागाचा तुकडा, खालून पोकळ, ३५० रुपये. चिप आठ पायांच्या सॉकेटमध्ये, शेजारी रेझिस्टर, आणि मोबाइलच्या जुन्या चार्जरची यूएसबी केबल. दहा तारा नेलपॉलिशचे रंग बघत एकेक लावल्या. चालू केलं तर लाल-हिरवे जागच्या जागी, माथ्याचा पांढरा झगमगतोय, खिडक्या उजळल्या, डावं इंजिन फिरतंय आणि उजव्यातला एक एलईडी बंद. खाली सॉकेटपाशी एक टोक नीट घासलेलं नव्हतं. एका बाजूनं इनॅमल राहिलं होतं. अण्णांनी सांगितलं होतं तसंच. पुन्हा घासून जोडलं, पेटला.

खर्च असा: किट ४,३००, एलईडी २४०, रेझिस्टर ४०, चिप १८०, तार १००, ड्रिल २६०, रंग-प्राइमर-क्लिअर ९००, अराल्डाइट १००, बैठक ३५०. एकूण ६,४७० रुपये. एअरब्रश, आर्डुइनो, मल्टिमीटर आधीचेच. वेळ सगळ्यात जास्त खांबांना आणि बाहेरच्या रंगाला गेला. प्रोग्रामला त्या मानानं थोडा.

२५ मे

आठवडाभर रोज संध्याकाळी चालू ठेवलं. पत्र्याच्या खोलीतून खाली हॉलमध्ये आणलं आहे. कुठलाही जोड सुटलेला नाही. खिडक्या जरा भडक वाटत होत्या, प्रीसेट फिरवून मंद केल्या. मंद झाल्यावर मानेच्या मागच्या जोडातून बारीक उजेड येत होता तोही दिसेनासा झाला, पण तिथं काळ्याचा एक हात द्यायचाच आहे. धडाच्या पुढच्या तबकडीला दिवा दिलेला नाही, मूळ मॉडेलमध्येही ती तांबूस रंगाचीच, न उजळणारी होती. इंजिनांचा वेग भाचीला जास्त वाटतो. चिप सॉकेटमधून काढून रविवारी कमी करून बघतो.